हेन्री बीचर यांच्या शोधलेखनाचे मोजमाप : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

प्रकल्पाचा विषय आज ठरला. जैवनीतिशास्त्राच्या एका अभ्यासकाचे लेखन, त्याचे सहलेखक आणि त्याच्या लेखनाचे इतरांनी केलेले उल्लेख, म्हणजे ज्याला आपण सर्वजण सायटेशन म्हणतो ते, या तिन्ही गोष्टी एकत्र मांडायच्या, असा मूळ प्रस्ताव होता. हयात अभ्यासक घेऊ नये, हा आग्रह माझा. हयात माणसाचे आकडे रोज बदलतात आणि त्यांच्या मोजमापाला नकळत बढतीच्या अर्जाचा सूर लागतो. वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी हेन्री बीचर यांचे नाव सुचवले आणि त्यावर फार चर्चा करावी लागली नाही.

बीचर यांचा जन्म १९०४ सालचा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातला, आणि मृत्यू १९७६ चा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ते भूलशास्त्राचे प्रमुख होते आणि १९४१ मध्ये हार्वर्डमधील डॉर अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. आज त्यांचे नाव मुख्यतः १९६६ च्या एका लेखामुळे घेतले जाते. रुग्णांना न सांगता, न विचारता त्यांच्यावर प्रयोग होत आहेत, हे त्या लेखात त्यांनी आपल्याच व्यवसायाला सुनावले. एका लेखामुळे ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे बाकीचे लेखन मोजले तर काय दिसते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कामाची वाटणी : माहितीसंचांतून नोंदी गोळा करणे आणि साफ करणे माझ्याकडे, मजकूर वाचून उल्लेखांचे वर्गीकरण मॅडमकडे, आकडेमोड सांख्यिकीच्या विद्यार्थ्याकडे.

१५ जानेवारी २०२४

पहिला आठवडा नावातच गेला. बीचर यांचे जन्मनाव हॅरी उनांग्स्ट. ऐन तारुण्यात त्यांनी आडनाव बदलून बीचर असे घेतले. न्यू इंग्लंडमध्ये बीचर हे नामांकित घराणे आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर हे त्यातलेच. परिणामी संगणकावर नुसते 'एच. बीचर' शोधले की प्रवचनांचे संग्रह आणि मॉर्फिनवरील निबंध एकाच ढिगात येऊन पडतात. गुलामगिरीविरुद्धचे एक भाषण आमच्या भूलतज्ज्ञांच्या खात्यावर जमा झालेले पाहून मॅडमना हसू आवरेना. मला मात्र त्यापुढच्या शेकडो नोंदी हाताने तपासाव्या लागल्या.

याला इलाज नाही. संशोधकाला कायमचा क्रमांक देणारी ऑर्किड व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. त्याआधी वारलेल्या माणसाला असा क्रमांक नसतो आणि त्याच्या वतीने तक्रार करणारेही कोणी नसते. नियम असा केला की १९२५ च्या आधीची कोणतीही नोंद धरायची नाही आणि नंतरच्या नोंदीत वैद्यकीय नियतकालिकाचे किंवा हार्वर्डचे नाव नसेल तर मूळ पान पाहिल्याशिवाय ती स्वीकारायची नाही.

२३ जानेवारी २०२४

उल्लेख मोजण्याची साधने. यूजीन गारफिल्ड यांनी उल्लेखसूचीची कल्पना १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली आणि तिची पहिली नियमित विज्ञान-सूची १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून निघाली. बीचर यांचे प्रयोगशाळेतील बहुतेक लेखन त्याआधीच झाले होते. संशोधकाचे निबंध आणि त्यांचे उल्लेख एकाच आकड्यात मांडणारा एच-निर्देशांक तर २००५ चा, होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला. थोडक्यात, बीचर यांनी आपले उल्लेख मोजले जातील अशा हिशेबाने एकही ओळ लिहिली नसावी. आजच्या एखाद्या अभ्यासकाबद्दल असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

दोन संच वापरायचे ठरले, एक गूगल स्कॉलर आणि दुसरा ओपनॲलेक्स, जो २०२२ पासून सर्वांना मोफत खुला आहे. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. गूगल स्कॉलर पुस्तके, प्रबंध, अहवाल असे जे हाती लागेल ते मोजतो, म्हणून त्याचा आकडा नेहमीच मोठा. आम्ही दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवणार, सरासरी काढणार नाही. दोन वेगळ्या मापांची सरासरी म्हणजे शेर आणि पायलीची बेरीज.

५ फेब्रुवारी २०२४

लेखनाची यादी पूर्ण झाली. तिच्याकडे कालक्रमाने पाहिले की एक माणूस दोन वेळा विषय बदलताना दिसतो, तरी प्रश्न मात्र एकच धरून ठेवतो : दुखणे नेमके कोणाचे असते आणि ते कोणी मोजायचे.

पहिला टप्पा युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओच्या आघाडीवर बीचर यांनी जखमी सैनिक पाहिले. मोठ्या जखमा असूनही बहुसंख्य सैनिक वेदनाशामक औषध मागत नव्हते. १९४६ च्या 'ॲनल्स ऑफ सर्जरी'मधील लेखात त्यांनी याची मांडणी केली. सैनिकाला जखम म्हणजे आघाडीवरून सुटका वाटते आणि शस्त्रक्रियेसाठी आलेल्या नागरिकाला तीच जखम संकट वाटते, हा त्यांचा पुढचा तर्क. दुसरा टप्पा औषधांच्या चाचण्यांचा, म्हणजे वेदना, भूल आणि प्लासिबो, अर्थात औषध नसलेली दिखाऊ गोळी. तिसरा टप्पा नीतिशास्त्राचा. त्याची सुरुवात १९५९ मध्ये माणसांवरील प्रयोगांविषयीच्या दीर्घ लेखाने होते आणि १९७० च्या 'रिसर्च अँड द इंडिव्हिज्युअल' या पुस्तकाने तो टप्पा बहुतेक संपतो.

एक काम या टप्प्यांत नीट बसत नाही, पण ते सोडता येणार नाही. डोनाल्ड टॉड यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये भूल आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा रुग्णालये, १९४८ ते १९५२ हा काळ आणि ५,९९,५४८ भूलप्रसंग. क्युरारेसारखी स्नायू शिथिल करणारी औषधे वापरली तर भुलीमुळे होणारे मृत्यू ३७० मागे एक आणि न वापरल्यास २,१०० मागे एक, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर भूलतज्ज्ञांमध्ये रण माजले. हा निबंध आजही भूलशास्त्राच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हमखास येतो, पण त्याची आठवण ठेवणारे लोक आणि १९६६ च्या लेखाची आठवण ठेवणारे लोक एकमेकांना ओळखतही नसावेत, इतके त्यांचे उल्लेख वेगळ्या नियतकालिकांत आहेत.

१४ फेब्रुवारी २०२४

आज १९६६ चा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. १६ जून १९६६, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', शीर्षक 'एथिक्स अँड क्लिनिकल रिसर्च'. हा लेख आधी 'जामा'ने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने, नाकारला होता. त्याआधी वर्षभर, मार्च १९६५ मध्ये, मिशिगनमधील ब्रुक लॉज येथे एका औषध कंपनीने भरवलेल्या परिषदेत बीचर यांनी हाच विषय मांडला होता आणि व्यवसायातून त्यांच्यावर बरीच टीका झाली होती.

लेखात २२ उदाहरणे आहेत. मूळ संग्रहात ५० होती, जागेअभावी २२ ठेवली, असे त्यांनीच लिहिले आहे. एका नामांकित नियतकालिकात १९६४ मध्ये सलग प्रसिद्ध झालेले १०० मानवी अभ्यास त्यांनी तपासले, तेव्हा १२ अनैतिक वाटले, हेही त्यातच आहे. त्यातील एक उदाहरण विषमज्वराचे आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध गुणकारी आहे हे माहीत असूनही ४०८ गरीब रुग्णांपैकी १५७ जणांना ते दिले गेले नाही. औषध मिळालेल्या २५१ जणांत २० दगावले, न मिळालेल्या १५७ जणांत ३६. औषध मिळते तर यांतील २३ जण वाचले असते, असा हिशेब बीचर यांनी मांडला. कोरडे वाक्य आहे, विशेषण एकही नाही. सोळावे उदाहरण मतिमंद मुलांच्या संस्थेत कावीळ मुद्दाम देण्याचे, सतरावे वृद्ध रुग्णांच्या अंगात जिवंत कर्करोगाच्या पेशी टोचण्याचे. या रुग्णांना 'काही पेशी' टोचतो आहोत, एवढेच सांगितले होते. आज पहिले न्यूयॉर्कच्या विलोब्रुकचे आणि दुसरे ब्रुकलिनच्या ज्यू क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलचे म्हणून ओळखले जाते.

आमच्या कामाच्या दृष्टीने मात्र या लेखातील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जे लेखात नाही ते. २२ पैकी एकाही उदाहरणाला संदर्भ दिलेला नाही. प्रयोग करणाऱ्यांची नावे नाहीत, संस्थांची नाहीत, नियतकालिकांचीही नाहीत. संदर्भ फक्त संपादकांना खासगीत दिले होते. व्यक्तींना दोष द्यायचा नसून रूढ झालेल्या पद्धतीकडे लक्ष वेधायचे आहे, अशी भूमिका बीचर यांनी घेतली होती. परिणाम असा की उल्लेखसूचीच्या नजरेने पाहिले तर हा लेख कोणाकडेही बोट दाखवत नाही. ज्या २२ निबंधांमुळे तो लिहिला गेला, त्या २२ निबंधांच्या खात्यावर त्याचा एकही उल्लेख जमा होत नाही. कोण कोणाचा उल्लेख करतो ते दाखवणाऱ्या आमच्या जाळ्याच्या आकृतीत त्या जागी फक्त पांढरा कागद आहे.

मॅडमनी यावर एक प्रश्न लिहून ठेवला आहे : नावे दिली असती तर हा लेख अधिक परिणामकारक झाला असता की कमी? त्याचे उत्तर आकड्यांत शोधू नये असे माझे मत मी त्याखाली लिहिले, पण निदान एक तुलना शक्य आहे. ती पुढच्या नोंदीत.

२१ फेब्रुवारी २०२४

तुलना म्हणजे लंडनचे डॉक्टर मॉरिस पॅपवर्थ. त्यांनी १९६२ मध्ये ब्रिटिश 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' नियतकालिकात माणसांवरील प्रयोगांविरुद्ध लेख लिहिला आणि १९६७ मध्ये 'ह्यूमन गिनी पिग्ज' हे पुस्तक काढले. त्यांनी उलट पद्धत धरली. प्रयोग कोणी केला, कुठे केला, कोणत्या नियतकालिकात छापला, सर्व उघड दिले. अब्रुनुकसानीच्या भीतीने प्रकाशक बिचकले आणि ब्रिटिश वैद्यकीय वर्तुळाने पॅपवर्थ यांना बाहेरचे मानले ते मानलेच. बीचर आणि पॅपवर्थ यांचा पत्रव्यवहार होता आणि बीचर यांना पॅपवर्थ यांच्या साहित्याचा उपयोग झाला. दोघांचा एकही संयुक्त निबंध नाही. म्हणून सहलेखकांच्या तक्त्यात पॅपवर्थ यांचे नावच येत नाही.

एक पुस्तक आणि एक लेख यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे, कारण या सूच्या पुस्तकांना नीट पकडतच नाहीत. ही सबब मी प्रामाणिकपणे लिहितो आहे. तरीही एवढे दिसते की अमेरिकेतील वैद्यकीय लेखनात बीचर यांचा लेख सर्रास उद्धृत होतो आणि पॅपवर्थ यांचे नाव बहुधा इतिहासकारांच्या लेखनात सापडते. हार्वर्डचा प्राध्यापक आणि नामांकित नियतकालिक, यांचा वाटा यात किती? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये 'मॅथ्यू इफेक्ट' असे नाव देऊन हेच वर्णन केले : ज्याच्याकडे मान आहे त्यालाच आणखी मान मिळतो.

२८ फेब्रुवारी २०२४

२२ निबंधांचा माग. इतिहासकार डेव्हिड रॉथमन यांनी १९८७ मध्ये त्याच 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये बीचर यांच्या लेखाचा पुनर्विचार केला आणि १९९१ च्या 'स्ट्रेंजर्स ॲट द बेडसाइड' या पुस्तकाच्या परिशिष्टात २२ संदर्भांची यादी छापली. म्हणजे १९६६ च्या लेखाला तळटिपा मिळाल्या त्या पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच्या पुस्तकात. कोणतीही सूची असे उशिराचे नाते ओळखत नाही. ती तारीख आणि लेखक पाहते आणि १९९१ च्या नावावर नोंद करते.

यादी समोर ठेवून सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने सुचवले की १९६६ नंतर या २२ निबंधांचे उल्लेख घटले का ते पाहावे. प्रश्न चांगला आहे, पण पद्धत टिकत नाही. नावे माहीतच नव्हती, तर घट कशी होणार आणि झाली तरी तिचे श्रेय बीचर यांना कसे द्यायचे? जुन्या निबंधांचे उल्लेख वयानुसार कमी होतच असतात. तो भाग वगळला. मुलगा थोडा हिरमुसला, कारण आलेख त्याने आधीच तयार केला होता.

६ मार्च २०२४

प्लासिबो. हा भाग जितका खोदावा तितका वाढतो, म्हणून दोन दिवस यालाच दिले.

२४ डिसेंबर १९५५ च्या 'जामा'मधील 'द पॉवरफुल प्लासिबो' हा निबंध बीचर यांच्या सर्वाधिक उद्धृत लेखनापैकी एक आहे. गूगल स्कॉलरवर त्याचे उल्लेख हजारांत आहेत. निबंधात १५ अभ्यास एकत्र केले आहेत, एकूण १,०८२ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की सरासरी ३५.२ टक्के रुग्णांना प्लासिबोने समाधानकारक आराम पडला. हा पस्तीसचा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत शिरला. 'एक-तृतीयांश रुग्णांना नुसत्या साखरेच्या गोळीने बरे वाटते' हे वाक्य आपल्याकडेही वर्गात ऐकलेले आठवते. ते कोणाचे हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

१९९७ मध्ये किनले आणि कीने या जर्मन संशोधकांनी ते मूळ १५ अभ्यास पुन्हा उघडले. त्यांच्या मते त्यांतून प्लासिबोचा परिणाम सिद्धच होत नाही, कारण काही रुग्ण आपोआप बरे होणारच होते, काहींच्या लक्षणांची चढ-उतार तशीही चालू होती, आणि गोळी न घेणाऱ्यांशी तुलनाच केलेली नव्हती. त्या १५ पैकी काही अभ्यास बीचर यांच्याच गटाचे होते. २००१ मध्ये ह्रोबियार्टसन आणि गॉट्शे यांनी ११४ चाचण्यांत प्लासिबो आणि 'काहीच उपचार नाही' यांची तुलना केली. वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगायच्या लक्षणांत थोडा फरक दिसला, बाकी फारसा नाही.

यानंतरही १९५५ च्या निबंधाचे उल्लेख थांबले नाहीत. काही लेखक तो आकडा आजही पुराव्यासारखा देतात, काही तो चुकीचा होता म्हणून देतात, काही नुसता मान द्यायचा म्हणून पहिल्या परिच्छेदात टाकतात. मोजणाऱ्या यंत्राला तिन्ही सारखेच. चूक दाखवणारा लेखही तिच्या प्रसिद्धीत एकाची भर घालतो, हा या व्यवस्थेचा स्वभाव आहे आणि त्यावर आमच्याकडे वाचण्यावाचून उपाय नाही.

एक गोष्ट बीचर यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. प्लासिबोचा परिणाम मोठा आहे असे वाटल्यामुळेच त्यांनी रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गोळी कोणती ते कळू न देणाऱ्या तुलनात्मक चाचण्यांचा जोरदार पुरस्कार केला. आकडा फसला, पण त्या आकड्याच्या आधारे मागितलेली शिस्त योग्यच होती. मॅडम याला 'चुकीच्या पावतीवर मिळालेला योग्य माल' म्हणतात.

१३ मार्च २०२४

सहलेखकांचे जाळे तयार झाले. प्रयोगशाळेतील बीचर आणि नीतिशास्त्रातील बीचर, अशा दोन वेगळ्या आकृत्या काढाव्या लागल्या.

प्रयोगशाळेतील आकृती दाट आहे. लुई लासान्या, सांख्यिकीतज्ज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर आणि मानसशास्त्रज्ञ फॉन फेल्सिंगर यांच्यासह १९५४ मध्ये प्लासिबोला कोण प्रतिसाद देतो याचा अभ्यास झाला. आर्थर कीट्स यांच्यासह वेदनाशामकांचा, आणि जीन स्मिथ यांच्यासह १९५९ मध्ये ॲम्फेटामिनने खेळाडूंचा वेग वाढतो का याचा. यातील लासान्या पुढे औषधांच्या चाचण्यांचे मोठे नाव झाले.

नीतिशास्त्रातील आकृतीत जवळपास एकच बिंदू. १९५९ चा लेख एकट्याचा, १९६६ चा एकट्याचा, १९७० चे पुस्तक एकट्याचे. अपवाद विधिज्ञ विल्यम करन यांच्यासह १९६९ मध्ये लहान मुलांवरील प्रयोगांविषयी लिहिलेल्या निबंधाचा. सहकार्याचे मोजमाप सहलेखकांच्या संख्येवर करणारा माणूस म्हणेल की नीतिशास्त्रात बीचर एकाकी होते. पत्रे पाहिली तर तसे वाटत नाही, पण पत्रांना सूचीत जागा नाही. जोखीम एकट्याच्या नावावर घ्यायची, हाही एक निर्णयच असतो. आकृतीखाली हे वाक्य टाकावे की नाही यावर मतभेद झाला. मी टाकले आहे.

२२ मार्च २०२४

हार्वर्ड समिती. ५ ऑगस्ट १९६८ च्या 'जामा'मध्ये 'अ डेफिनिशन ऑफ इर्रिव्हर्सिबल कोमा' हा मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा अहवाल आला. समिती १३ जणांची, अध्यक्ष बीचर. सदस्यांत मज्जातंतुतज्ज्ञ रेमंड ॲडम्स आणि रॉबर्ट श्वाब, १९५४ मध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरे, विधिज्ञ करन, धर्मशास्त्राचे राल्फ पॉटर, विज्ञानाचे इतिहासकार एव्हरेट मेंडेलसन. संपूर्ण प्रकल्पात आंतरविद्याशाखीय सहकार्याचे याहून मोठे उदाहरण नाही. संपूर्ण अहवालात संदर्भ एकच, पोप पायस बारावे यांच्या १९५७ च्या भाषणाचा. ते भाषण भूलतज्ज्ञांसमोरच झाले होते, हा योगायोग मला फार आवडला.

हा अहवाल लेखक म्हणून समितीच्या नावावर आहे. काही संदर्भसूच्या त्याला 'ॲड हॉक कमिटी' म्हणतात, काही बीचर यांचे नाव पुढे लावतात, काही त्याला निनावी करून टाकतात. तो धरला तर बीचर यांच्या एकूण उल्लेखांत मोठी उडी येते, सोडला तर येत नाही. आम्ही तो धरला, पण वेगळ्या रकान्यात, आणि बाकीच्या बारा जणांचे श्रेय त्यांना द्यायची सोय कोणत्याही सूत्रात नाही असे स्पष्ट लिहिले.

आता आपल्याकडचा धागा. भारताचा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, सुरुवातीला गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांना लागू झालेला. त्यात मेंदूकांड, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, मृत झाल्याची व्याख्या आहे. ती हार्वर्डची व्याख्या जशीच्या तशी नाही. मध्ये मोहनदास आणि चाऊ यांचा मिनेसोटातील १९७१ चा निबंध आहे, ज्यात मेंदूकांडाचे कार्य थांबणे हाच निर्णायक बिंदू धरला गेला, आणि मग ब्रिटनमधील १९७६ चे निकष. कायद्याच्या कलमाला तळटिपा नसतात. म्हणून पुण्यामुंबईच्या अतिदक्षता विभागात नातेवाइकांना मेंदूमृत्यूची बातमी सांगितली जाते, त्या क्षणाशी १९६८ च्या अहवालाचे जे नाते आहे ते कुठल्याही माहितीसंचात शून्य दिसते. मर्टन यांनीच अशा प्रकाराचे वर्णन केले आहे : कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिच्या मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

२ एप्रिल २०२४

मॅडमनी उल्लेखांचे वर्गीकरण पूर्ण केले. चार खाने : मजकुरासाठी घेतलेला उल्लेख, विरोध करणारा, इतिहास सांगणारा आणि नुसता रिवाज म्हणून केलेला. मी निवडक नोंदी स्वतंत्रपणे वाचल्या आणि दोघांच्या मतांचा मेळ जेकब कोहेन यांच्या १९६० च्या कप्पा मापाने तपासला. बहुतेक भांडण 'इतिहास' आणि 'रिवाज' यांच्या सीमेवर झाले. 'बीचर यांच्या ऐतिहासिक लेखानंतर नीतिशास्त्र समित्या आल्या' असे वाक्य प्रस्तावनेत आले की तो इतिहास की रिवाज? शेवटी नियम केला की त्या लेखातील एकतरी तपशील सांगितला असेल तरच इतिहास.

या वाक्यात तथ्याचीही गडबड असते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने संशोधन प्रस्तावांच्या पूर्वपरीक्षणाचा नियम फेब्रुवारी १९६६ मध्येच केला होता, लेखाच्या चार महिने आधी. शिवाय बीचर यांचा स्वतःचा भर समितीवर नव्हता. प्रामाणिक, जाणकार, दयाळू आणि जबाबदार संशोधक हीच खरी सुरक्षा, असे त्यांचे मत होते. आज समितीच्या समर्थनार्थ त्यांना उद्धृत करणाऱ्या कितींनी लेखाचे शेवटचे पान वाचले असेल, अशी शंका येते.

१० एप्रिल २०२४

मराठीतील उल्लेख. वैद्यकीय संशोधनातील संमती, औषधचाचण्या यांवर मराठीत पुस्तके आणि मासिकांतील लेख आहेत, पण आमच्या दोन्ही संचांत मराठी मजकुराची दखल नगण्य आहे. मुंबईहून १९९३ पासून निघणाऱ्या, आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियतकालिकाचे जुने अंक मी स्वतंत्रपणे चाळतो आहे. इंग्रजी असले तरी त्याचा विचार इथल्या रुग्णालयांतून आलेला आहे. त्यातले उल्लेख वेगळ्या तक्त्यात.

१९ एप्रिल २०२४

दोन निर्णय आज झाले आणि त्यांवरच हा टप्पा थांबतो आहे.

पहिला एच-निर्देशांकाचा. तो काढला होता, आता मुख्य तक्त्यातून काढून टाकला. भूल, वेदना, प्लासिबो, प्रयोग आणि मृत्यूची व्याख्या यांना एका आकड्यात कोंबून वाचकाला काही कळत नाही. विद्यार्थ्याने विचारले की मग बढतीच्या अर्जात आम्ही काय लिहायचे. त्याला उत्तर देणे या प्रकल्पाच्या कक्षेत बसत नाही, असे मी सांगितले आणि ते उत्तर त्याला अजिबात पटले नाही.

याच निर्णयाबरोबर लेखनयादीत एक नोंद पुन्हा आत घेतली. फॉन फेल्सिंगर आणि लासान्या यांच्यासह १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला, निरोगी पुरुषांवर एलएसडी वर्गातील, म्हणजे भास निर्माण करणाऱ्या, औषधांचा परिणाम पाहणारा निबंध. ते काम अमेरिकन लष्कराच्या पैशांवर झाले होते. 'नीतिशास्त्र' असे विषयाचे गाळण लावल्यामुळे तो आपोआप बाहेर पडला होता. ज्याने इतरांच्या प्रयोगांचा हिशेब मागितला त्याच्या स्वतःच्या प्रयोगांची नोंद गाळणीतून निसटू देणे योग्य नाही, यावर आमच्यात मतभेद नव्हता.

दुसरा निर्णय परिशिष्टाचा. २२ निबंधांची नावे आम्ही छापायची की नाही? नावे १९९१ पासून छापील आहेत, लपवण्यासारखे काही उरलेले नाही, आणि आमचा माहितीसंच खुला असल्यामुळे नावे दिली तर ते २२ निबंध प्रथमच यंत्राला दिसतील आणि १९६६ च्या लेखाशी जोडले जातील. मॅडमचे मत नावे द्यावीत असे होते, कारण रुग्णांना नावे नव्हती, निदान प्रयोगाला तरी असावे. माझे मत उलट होते : बीचर यांनी संदर्भ न देणे हा त्या लेखाचाच भाग आहे आणि आम्ही मोजायला बसलो आहोत तो लेख जसा छापला गेला तसा. तासाभराच्या चर्चेनंतर मी माघार घेतली. परिशिष्टात दोन स्तंभ आहेत. डावीकडे १९६६ चे उदाहरण क्रमांक १ ते २२, संदर्भाची जागा कोरी. उजवीकडे १९९१ च्या पुस्तकावरून घेतलेला संदर्भ, आणि त्यापुढे तो कोणी, कोणत्या साली उघड केला याची नोंद. माहितीसंचात मात्र १९६६ च्या लेखाकडून या निबंधांकडे जाणारी रेषा काढलेली नाही. ती रेषा रॉथमन यांच्या पुस्तकापासून निघते.

पुढचे काम : मुंबईच्या अंकांचा तक्ता, १९७० च्या पुस्तकाचे उल्लेख हाताने तपासणे, आणि 'हेन्री बीचर' नावाखाली अजून शिल्लक असलेली सहा प्रवचने काढून टाकणे.